चढाला कोणी उतरायचं

लातूर,
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय अश्वजित,
जय भीम.

लुंबिनीला लातुरात नोकरी लागल्याचं वाचलं आणि पत्र हातात घेऊनच स्वयंपाकघरात गेलो. उज्वलाला सांगितलं, "अश्वजितची पोरगी येऊन राहिली आपल्या गावात." तर बाई म्हणाली, "मग खोली कायला बघता? आपल्याकडंच ठेवा." मी म्हटलं, ती बापाची पोरगी आहे, कुणाकडे राहायची नाही. तरी रविवारचं जेवण आमच्याकडे, हे उज्वलाने ठरवून टाकलं आहे. तुझं मत विचारलेलं नाही.

तू पोस्टातून निवृत्त झालास, पण पोस्ट काही तुझ्यातून निघालं नाही. जग फोनवर बोलतं, तू पाकिटं पाठवतोस. डाळमिलच्या पत्त्यावर पाकीट आलं की माणसं गोळा होतात. "शेषेराव, कोर्टाचं काय हाय का?" पाकीट म्हटलं की लोकांना कोर्टच आठवतं.

आता कामाचं. लुंबिनीची नोकरी ज्या तेलाच्या कारखान्यात आहे तो एमआयडीसीत, म्हणजे आमच्याच वाटेवर. ती सायकलने जाणार असेल तर आमच्या घोळक्यात येऊ दे. आम्ही सात-आठ जण रोज सकाळी चौकातल्या चहाच्या टपरीवर जमतो आणि एकत्र निघतो. रस्ता वाईट आहे रे. हंगामात सोयाबीनचे आणि तुरीचे ट्रक रांगेने असतात. एकट्या सायकलवाल्याला ट्रकवाला मोजत नाही. सात-आठ सायकली एकदम दिसल्या की त्याचाही पाय ब्रेककडे जातो.

आमच्या काही रीती आहेत. पुढे जायचं तर घंटी वाजवून, उजवीकडून. कुणाची चेन पडली तर दोघांनी थांबायचं. आणि मोठी रीत पुलावरची. रेल्वेच्या पुलाचा चढ लांबलचक आहे. आमच्या मिलचे मुनीम गुरुबसप्पा, निलंग्याकडचे, त्यांच्या छातीचा भाता झालेला. ते चढाला उतरतात आणि सायकल ढकलत नेतात. मागे एकदा आम्ही सगळे त्यांच्या बाजूने सुर्रकन वर निघून गेलो. ते एकटेच मान खाली घालून मागून आले. त्या दिवशी त्यांनी आमच्याबरोबर चहा घेतला नाही. तेव्हापासून गुरुबसप्पा उतरले की सगळे उतरतात. गप्पा मारत, ढकलत वर जातो. दिवसभरातला तेवढाच वेळ चांगला जातो बघ.

पोरीची काळजी करू नकोस. मी आहे.

तुझा,
शेषेराव

*

नांदेड,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय शेषेराव,
राम राम.

पत्र मिळालं. उज्वलावहिनींना सांग, रविवारचं जेवण मंजूर. पोरीची आई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. लुंबिनीची सायकल चार्जिंगची आहे. पायडल मारायचंच असतं, पण बॅटरी मागून ढकलते. तुझ्या घोळक्यात बॅटरीला जागा आहे का? तू शेगडी आली तरी स्टोव्हच बरा म्हणणारा माणूस. कॉलेजच्या वेळच्या आपल्या नांदेडच्या खोलीत गॅस आणायला तू वर्षभर नाही म्हणालास आणि खिचडीला रॉकेलचा वास येत राहिला, ते मी विसरलो नाही.

थट्टा बाजूला. तू ट्रकांचं लिहिलंस आणि मला धडकी भरली. ती मोठी आहे, हुशार आहे, सगळं खरं. पण त्या रस्त्याने ती एकटी जाऊ नये, एवढं बघ. दुसरं काही मागत नाही.

तुझा,
अश्वजित

*

लातूर,
२ डिसेंबर २०२४

प्रिय अश्वजित,
जय भीम.

तुझी लेक आली. गोड पोरगी आहे. माझ्याशी "काका, काका" करून बोलते, उज्वलाच्या हाताची शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून नेते. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार सायकलीबद्दल आहे. ती गाडी मुकी आहे. पहिल्याच दिवशी मागून कधी आली ते कळलंच नाही आणि साखराबाई केवढ्यांदा दचकली. ही बाई आमच्या मिलमध्ये डाळ निवडायला असते, तिच्या जिभेपुढे मालकही उभा राहत नाही. म्हणाली, "भूत तरी पैंजण वाजवतं माय, तू तेवढं बी न्हाई." लुंबिनी लगेच माफी मागून मोकळी झाली. आता लांबूनच घंटी वाजवत येते. शहाणी आहे.

पण पुलाचं काही जमेना. चढ लागला, गुरुबसप्पा उतरले, आम्ही सगळे उतरलो, आणि ही बसल्या बसल्या पुढे गेली. पाय तर नावाला हलत होते. वर जाऊन आमची वाट बघत उभी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. गुरुबसप्पा ढकलायचं थांबवून तिच्याकडे बघत राहिले. अश्वजित, त्या म्हाताऱ्याची नजर मला बघवली नाही. ज्या गोष्टीसाठी आम्ही एवढी वर्षं उतरतो आहोत, ती या पोरीने एका सकाळी पुसून टाकली असं वाटलं.

म्हणून परवा टपरीवर मी सगळ्यांसमोर नियम सांगून टाकला. चढाला सगळ्यांनी उतरायचं, बॅटरी असो की नसो. मी काही ओरडलो नाही. ती म्हणाली, "काका, मी वर थांबते की. पण मी उतरणार नाही."

सगळ्यांसमोर! साखराबाई म्हणाली, "पोरगी बापावर गेली जणू." तुला ती ओळखत नाही, तरी म्हणाली.

तू तिला एक ओळ लिही. तुझं ऐकेल. मोठ्यांसाठी उतरावं, यात काही शिकवण्यासारखंही नाही, साधी रीत आहे ती.

तुझा,
शेषेराव

*

नांदेड,
९ डिसेंबर २०२४

शेषेराव,

मी तिला तसं लिहिणार नाही.

थंडी बरी आहे. तब्येत सांभाळ.

अश्वजित

*

लातूर,
१६ डिसेंबर २०२४

प्रिय अश्वजित,
जय भीम.

हे काय पत्र झालं? तारेतसुद्धा यापेक्षा जास्त शब्द असायचे. मी काय तुझी जमीन मागितली का? मी दोन-तीनदा वाचलं, उज्वलाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माणसाला नियम सुचायला लागले की समजावं म्हातारं झालं." घरातही तुझाच पक्ष आहे.

आणि ऐक, तुझी लेक आता आमच्याबरोबर येत नाही. आमच्या आधी निघून जाते. रविवारी जेवायला आली, हसली, भांडी घासायला लागली, उज्वलाने हाकलली. मी म्हटलं, "सकाळी कामून येत न्हाईस?" तर म्हणाली, "मला लवकर जावं लागतं काका." खोटं बोलताना ती तुझ्यासारखीच चष्मा पुसते.

मला वाईट वाटतं आहे, ते लिहून टाकतो. मी तुला शब्द दिला होता. पण मी तरी काय करू? एकीसाठी सगळ्यांची रीत मोडू? उतरल्याने काय अंगाला भोकं पडतात? आम्ही सगळे उतरतोच ना. मी उतरतो, औशाच्या देशमुखांचा नातू आमच्यात आहे तोही उतरतो. खाली उतरलं की सगळे सारखे, मी तर म्हणतो यात समताच आहे. तुझ्या भाषेत सांगितलं, आता तरी पटेल.

पटत नसेल तर शिव्या घाल. पण दोन ओळींचं पत्र पाठवू नकोस.

तुझा,
शेषेराव

*

नांदेड,
५ जानेवारी २०२५

प्रिय शेषेराव,
राम राम.

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहायला बसलो आणि कागद फाडले. तू शिव्या मागितल्यास. शिव्या नाहीत, एक हकिगत आहे. ती वाच.

आमचं गाव इस्लापूरकडचं, हे तुला माहीत आहे. दादा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन होते, तेही माहीत आहे. त्यांनी मुदखेडहून एक जुनी काळी सायकल आणली. आमच्या वस्तीतली पहिली. ड्युटी संपली की स्टेशनापासून गावापर्यंत ते सायकलवर यायचे आणि वेशीपाशी आले की उतरायचे. वेशीपासून चावडी, मारुतीचं देऊळ, पाटलाचा ओटा, हे सगळं पार होईपर्यंत सायकल हातात धरून चालायचे. मग आमची वस्ती लागली की पुन्हा बसायचे. राहायचंच काय तेव्हा, दहा पावलं. तरी बसायचे.

असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. कुणी दम दिलेला नव्हता. विचारलं असतं तर गावातली चांगली माणसंही हेच म्हणाली असती की, मोठ्यांसमोर उतरावं, साधी रीत आहे. तुझं अक्षर आणि हे शब्द एकाच कागदावर बघितले, म्हणून माझ्याने दोन ओळींच्या वर लिहवलं नाही.

मी पहिलीत असेन. एक दिवस दादा उतरले नाहीत. का नाही उतरले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. दमले असतील. त्यांना मारलं नाही कुणी. चार जण हसत हसत आले, सायकल काढून घेतली आणि चावडीसमोरच्या लिंबाच्या झाडाला टांगली. शाळेत जाता-येता आम्ही पोरं ती बघायचो. चाक वाऱ्याने फिरायचं. कुणी काढायला गेलं नाही, काढू नका असंही कुणी म्हणालं नाही. शेवटी दादा स्वतः झाडावर चढले आणि दोर कापून घेऊन आले. महिन्याभरात आम्ही मुदखेडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला गेलो. गाव सुटलं ते कायमचंच.

नंतर दादांनी आम्हाला फार काही शिकवलं नाही. वाचा, आणि कुणी सांगितलं म्हणून सायकलवरून उतरू नका, एवढंच. लुंबिनी त्यांच्या मांडीवर बसून हे ऐकत मोठी झाली.

तुझा गुरुबसप्पा आणि तो पाटलाचा ओटा सारखे नाहीत, हे मला कळतं. तू चांगल्या मनाने केलंस, हेही कळतं. तुम्ही सगळे उतरता, कबूल. पण तुम्ही मनाने उतरलात आणि तिला सांगितलं गेलं, उतर. देशमुखांच्या नातवाला उतरण्यात समता दिसेल. माझ्या लेकीला ती बसण्यात दिसते.

तिने त्या चढाला उतरावं असं मी सांगणार नाही. ती त्या रस्त्याने एकटी जाते, या विचाराने माझी झोप उडाली आहे, तरीही सांगणार नाही.

अश्वजित

*

लातूर,
१६ जानेवारी २०२५

प्रिय बाबा,
जय भीम.

महत्त्वाचं काही असलं की तुम्ही फोनवर "बरं, बरं" म्हणता आणि ठेवता, म्हणून लिहिते आहे.

संक्रांतीला शेषेरावकाका आणि काकू माझ्या खोलीवर आले होते. काकूंनी तिळगूळ दिला आणि सरळ सांगितलं, "ह्यांना तुला काहीतरी विचारायचंय. घरात बसून नुसते भिंतीकडं बघून राहिले. विचारा हो आता." काका खुर्चीच्या कडेला सरकले. मग म्हणाले, "तू उतरणार न्हाई म्हणालीस, ते कामून, हे मी तुला विचारलंच न्हाई. आता विचारतो." त्यांच्या खिशात तुमचं पाकीट होतं, तुमचं अक्षर मी ओळखते. काय लिहिलं असणार तेही ओळखलं.

बाबा, तुम्ही रागवाल, पण खरं सांगते. पहिलं कारण आजोबा नव्हते. पहिलं कारण एवढंच होतं की माझी सायकल फार जड आहे. कामाला लागायच्या आधीच्या रविवारी मी रस्ता बघायला एकटीच गेले होते. पुलावर गर्दी झाली म्हणून उतरले आणि ढकलायला लागले, तर ती मागेच यायला लागली. पायडल नडगीवर बसलं, सायकल आडवी आणि मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. एका भल्या माणसाने उचलून दिली. बॅटरी आणि मोटर धरून ती साध्या सायकलीच्या दुप्पट तरी भरेल. बसून नेली तर फुलासारखी जाते, ढकलायला गेलं की म्हैस. म्हणून मी पुढच्या दिवशी बसूनच गेले आणि वर थांबले. वर थांबले की झालं, असं मला वाटलं. गुरुबसप्पा अप्पांना कसं वाटेल हे माझ्या डोक्यात आलं नाही, तेवढी माझी चूक.

पण मग काकांनी सगळ्यांसमोर नियम सांगितला. त्यानंतर मात्र ती सायकल कापसाची असती तरी मी उतरले नसते. ते दुसरं कारण, आणि ते तुमचं आहे, आजोबांचं आहे, माझंही आहे. सायकल जड आहे हे तेव्हा सांगता आलं असतं. पण मग मी सूट मागितल्यासारखं झालं असतं. मला सूट नको होती.

हे सगळं मी काकांना असंच सांगितलं. त्यांनी दोन्ही कारणं ऐकली. पहिलं ऐकून ते हसायला लागले आणि दुसरं ऐकताना त्यांचं हसणं तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. मग उठले, माझी सायकल बाहेर होती, तिचा मागचा भाग दोन्ही हातांनी उचलून बघितला आणि म्हणाले, "लई जड हाय गं. हे मला आधी कळायला पायजे होतं." त्यांचे डोळे भरले होते. काकू दुसरीकडे बघत होत्या.

आता तुमच्यापासून लपवलेली गोष्ट. डिसेंबरात एकटी जात असताना एका ट्रकने अगदी घासून ओव्हरटेक केलं आणि मी रस्त्याखाली मातीत गेले. पडले नाही, फक्त आरसा फुटला. मागून येणाऱ्या साखरामावशींनी बघितलं आणि त्यांनीच ते काकांना सांगितलं होतं. तुम्हाला सांगू नका असं मी त्या दोघांकडून वचन घेतलं होतं. आता मीच सांगते, कारण उद्यापासून मी पुन्हा घोळक्याबरोबर जाणार आहे. काकांनी बोलावलं आहे. कसं जायचं, ते माझं मी बघावं म्हणाले.

तुमची,
लुंबिनी

*

लातूर,
२६ जानेवारी २०२५

प्रिय अश्वजित यास,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मिळालं. वाचलं. त्याला उत्तर देण्याची माझी लायकी नाही, पण न देणं त्याहून वाईट, म्हणून लिहितो. माझ्या लिहिण्याने तुला त्रास झाला असल्यास क्षमा असावी. समतेचं मी जे लिहिलं होतं ते कृपया विसरून जावं. ते वाक्य आठवलं की मला अजून घाम फुटतो.

लुंबिनीने तुला सगळं लिहिलं असेलच. ती परत घोळक्यात आली त्या सकाळी टपरीवर मी सांगितलं की, नियम मी केला होता आणि मीच मोडतो आहे. ज्याला जसं जमेल तसं त्याने चढावं, वर एकमेकांसाठी थांबावं. कारण कुणाला सांगितलं नाही. तुझ्या घरची गोष्ट आहे, ती टपरीवर सांगायची नाही, एवढी अक्कल मला आहे. साखराबाई म्हणाली, "मोडायचा होता तर केला कायला?" मी म्हटलं, "चुकलो." ती म्हणाली, "मग ठीक." तिचं एका मिनिटात मिटलं.

मला धास्ती गुरुबसप्पांची होती. त्यांच्यासाठी तर ही रीत. चहा झाल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, अप्पा, मनाला लावून घेऊ नका. तर ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अय्यो शेषेराव, मी कायचं मनाला लावू? तुम्ही सगळे माझ्यापायी रोज उतरता, मला रोज मेल्यासारखं होतं. मयतीला निघाल्यासारखे चालता की माझ्या दोन्ही बाजूंनी. बोललो न्हाई, तुम्हाला वाईट वाटंल म्हणून." मी म्हटलं, मग त्या पोरीकडे एवढं कशाला बघत होता? तर लाजले. सत्तरीचा माणूस लाजला. म्हणाले, "ती गाडी मला एकदा चालवून बघायची होती. मागायची कशी?"

अश्वजित, म्हणजे मी ज्याच्यासाठी नियम केला त्यालाही विचारलं नव्हतं आणि जिच्यावर केला तिलाही नाही. एवढं वय झालं, मिलमध्ये पन्नास माणसांना कामाला लावतो, आणि हे एवढं साधं मला जमलं नाही.

मी हे लुंबिनीच्या कानावर घातलं, तर तिने पुलाच्या पायथ्याशी आपली सायकल त्यांना दिली आणि त्यांची काळी सायकल स्वतः घेतली. त्यांना कळा दाखवल्या, हे बटण, हा ब्रेक. गुरुबसप्पा बसले आणि जे निघाले ते वर थांबलेच नाहीत, पलीकडचा उतारही उतरून गेले. आम्हाला एमआयडीसीच्या फाटकापाशी भेटले. धोतर सायकलीच्या चेनला लागून काळं झालेलं, आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर असलं हसू की बघत राहावं. म्हणाले, "थांबायचं मनातच आलं न्हाई." आणि तुझी लेक त्यांच्या सायकलवर पायडलवर उभी राहून, दात-ओठ खात, न उतरता वर आली. आमच्यातली निम्मी माणसं बसून आली, मी आणि साखराबाई अर्ध्यात उतरून चालत आलो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आता गेले आठ दिवस हेच चाललं आहे, अदलाबदल रोज पायथ्याशी होते. पोरगी घोळक्यात मध्ये असते, ट्रकच्या बाजूला मी असतो. एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

एक विचारायचं आहे. विचारण्याचा अधिकार नसेल तर उत्तर देऊ नये. आपण नांदेडला एका खोलीत तीन वर्षं राहिलो. एका ताटात जेवलो म्हटलं तरी चालेल. मी माझ्या घरातलं सगळं तुला सांगितलं. झाडाला टांगलेली सायकल तू मला कधीच सांगितली नाहीस. माझ्यात असं काय कमी होतं, हे कळलं तर बरं होईल. तुला सांगणं योग्य वाटत नसेल तर राहू दे. तब्येतीस जपावे.

तुझा नम्र,
शेषेराव

*

नांदेड,
४ फेब्रुवारी २०२५

शेषेराव,
राम राम.

गुरुबसप्पांचं वाचून मी एकटाच इतका हसलो की शेजारच्यांनी दार वाजवलं. पोरगी घोळक्यात मध्ये असते हे वाचलं आणि त्या दिवशी दुपारी छान झोपलो.

बाकीचं पत्र मला आवडलं नाही. "क्षमा असावी", "कृपया", "तुझा नम्र", हे काय आहे? चाळीस वर्षांत तुझं एकही पत्र असं आलं नव्हतं. सबंध पत्रात मला एक टोमणा नाही. रॉकेलच्या खिचडीवरही काही बोलला नाहीस.

तू विचारलंस, सांगितलं का नाही. तुझ्यात काही कमी नव्हतं. त्या खोलीत तू माझ्याशी आंघोळीच्या बादलीवरून भांडायचास, माझं अंथरूण लाथेने सरकवायचास, माझ्या नावाने उधारीवर चहा प्यायचास आणि वर मलाच कंजूस म्हणायचास. तोवर माझ्याशी असं कुणी वागलं नव्हतं. गावातले एका तऱ्हेने वागायचे, कॉलेजातले भले मास्तर दुसऱ्या तऱ्हेने, फार जपून, काचेचं भांडं धरल्यासारखं. मला भीती वाटायची की दादांची सायकल तुला सांगितली तर दुसऱ्या दिवसापासून तू बादली मला आधी देशील.

आता सांगून झालं आहे, आणि या पत्रात तू मला बादली आधी दिलीस. ती परत घे. पुढच्या महिन्यात मी लातूरला येतो आहे. माझ्याशी नीट भांड.

अश्वजित